‘अस्पष्ट’ कुठं गेलं?

सुखदेव ढोके यांच्या बैठकीत भिंतीवर चांगला हातभर लांबीचा आरसा आहे. जयपूरच्या मुरलीपुऱ्यात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "भाऊ, तुम्हाला दिसत नाही, मग आरसा कशाला?"

"पाहुण्यायसाठी हाय," ते म्हणाले. "माह्याकडं पाहून पाहून त्यायले कंटाळा आला, तं सोताकडं पाहावं."

माझ्यासारख्या दर्यापूरच्या शाळेतून कसाबसा बाहेर पडलेल्या आणि इन्शुरन्सच्या नोकरीसाठी जयपुरात येऊन पडलेल्या पोराला असा घरमालक मिळणं म्हणजे चैनच होती. ते मला नावानं कधी हाक मारत नसत. "काय बे इन्शुरन्स," एवढंच. वऱ्हाडी ऐकायला मिळतं म्हणून मी खाली जायचो आणि वऱ्हाडी बोलायला मिळतं म्हणून ते मला बसवून घ्यायचे.

त्यांचे वडील रेल्वेत पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे. अकोल्याहून बदली होऊन फुलेऱ्याला आले, तिथून जयपूरला. अकोल्यातच नवव्या वर्षी सुखदेवभाऊंना ताप आला आणि तापासोबत डोळे गेले. पुढची शाळा जयपूरची, अंधांची, हिंदीतली. मग अपंगांच्या कोट्यातून रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी. एके काळी म्हणे त्यांच्या हातातून सगळ्या साहेब लोकांची बोलणी जात. आता साहेबांच्या खिशात मोबाइल आहेत. एक्स्चेंजला फोन येतो तो बहुतेक एक्स्चेंज अजून चालू आहे का, हे विचारायला. भाऊ सांगतात, "चालू है साब," आणि ठेवून देतात. बाकी दिवसभर पगार घेऊन गप्प बसायचं.

लग्न झालं नाही. घरात आई, मीराबाई. त्यांना चांगलं दिसतं, पण अक्षर येत नाही. मुलाला अक्षर येतं, पण दिसत नाही. दोघांचं मिळून एक माणूस होईल असं भाऊंचे वडील म्हणायचे. चेष्टेत म्हणायचे की कसं, ते भाऊंनी सांगितलं नाही.

तर अशा माणसाला संध्याकाळी सहा वाजता जग उघडायचं. फोनवर ‘नजरबोली’ नावाचं ॲप होतं. कागदासमोर फोन धरला की त्यावरचं एक बाई मराठीत वाचून दाखवते. ते वापरणाऱ्या अंध लोकांचा एक ऑनलाइन कट्टा होता, नजरबोली कट्टा. सांगली, नागपूर, नाशिक, कुठून कुठून माणसं. दिवसा लेखी नाहीतर आवाजी निरोप टाकायचे आणि सहा वाजता सगळ्यांनी एकदम बोलायला जमायचं. त्या तासाभरात भाऊंचा आवाजच बदलायचा. एक्स्चेंजमधला "चालू है साब" वेगळा आणि कट्ट्यावरचे "जयपूरवाले" वेगळे. सांगलीची भार्गवी त्यांना रोज छेडायची. "काय ओ जयपूरवाले, आज उंटावरून आलाय की बसनं?" भाऊ म्हणायचे, "उंट पुढं गेला बाई, त्याले तुमचा आवाज सहन नाही झाला." शंभर माणसं हसायची. वर माझ्या खोलीत ते हसू ऐकू यायचं. या माणसाला जयपुरात मी आणि आई सोडून मराठीत टोमणा मारणारं कोणी नव्हतं. कट्टा गेला असता तर उरलं असतं ते एक्स्चेंज.

कट्टा चालवायचे पुण्याचे निनाद सर. त्यांना थोडं दिसतं. उजव्या डोळ्यानं उजेड आणि माणसांचे आकार कळतात. न दिसणाऱ्यांमध्ये थोडं दिसणाऱ्याचा एक रुबाब असतो, तो बाहेरच्याला कळायचा नाही. सर बोलले की बाकीचे गप्प. शिवाय ॲपवाल्या कंपनीशी बोलणी त्यांचीच. कट्ट्याच्या सभासदांना ॲप फुकट होतं, ते सरांमुळे.

सुरुवातीला हे ॲप जरा अडाणी होतं. कागद चुरगळलेला असला, शाई पुसट असली, की ती बाई वाचता वाचता म्हणायची, ‘अस्पष्ट’. "श्रीमती मीराबाई अस्पष्ट ढोके, खाते क्रमांक अस्पष्ट." लोक वैतागायचे. भाऊ त्या बाईला अस्पष्टबाई म्हणायचे. मग एकदा नवी आवृत्ती आली आणि बाई अडखळायची थांबली. कसलाही कागद द्या, धाडधाड वाचायची. कट्ट्यावर त्या दिवशी जल्लोष झाला. सरांनी कंपनीच्या माणसांना बोलावून त्यांचं अभिनंदन केलं. भाऊंनीही भाषण ठोकलं.

आणि त्याच आनंदात त्यांनी घरातले रबर फेकून दिले.

हे रबर म्हणजे काय ते सांगतो. मीराबाईंना प्रेशर आणि शुगर, दोन्ही. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला गोळ्यांच्या पट्टीला रबर लावून द्यायचा. एक रबर म्हणजे शुगरची, सकाळी एकच. दोन रबर म्हणजे प्रेशरची, सकाळ-संध्याकाळ. न वाचणारी आई आणि न बघणारा मुलगा, दोघांनाही बोटांनी कळायचं. भाऊंना त्याची लाज वाटायची. "अम्माजी के रबर लगा दो," असं दुकानात चारचौघांत म्हणावं लागायचं आणि मागं कोणीतरी हसायचं. नवी आवृत्ती आल्यावर ते ऐटीत म्हणाले, "रहने दो भैया, अब हम पढ़ लेते हैं."

आता तो मेडिकलवाला काही अख्खी पट्टी देत नाही. आपल्याकडं कोणीच देत नाही. सहा गोळ्या मागितल्या की कात्रीनं सहा कापतो. कात्री नावावरून जाते की तारखेवरून, हे तो बघत नाही.

मग एका सकाळी मीराबाईंनी नवी आणलेली पट्टी धरली, भाऊंनी फोन धरला. बाईनं प्रेशरच्या गोळीचं पूर्ण नाव वाचलं. मीराबाई म्हणाल्या, "हे गोल हाय रे. प्रेशरची तं लांबट होती."

"कंपनी बदलली असन, माय. नाव तेच हाय. खाय."

त्यांनी खाल्ली. शुगरची म्हणून वेगळी एक खाल्लीच होती. संध्याकाळी परत ही गोल खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुपारी नळाजवळ त्या खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. शेजारणीनं तोंडात साखर घातली. भाऊ एक्स्चेंजमध्ये होते. मी वैशाली नगरच्या ऑफिसातून पळत आलो. दवाखान्यात डॉक्टरांनी पट्ट्या मागितल्या, बघितल्या आणि मला म्हणाले, "दोनों शुगर की हैं. किसने दी?"

बाहेर बाकड्यावर भाऊंनी ती पट्टी माझ्या हातात दिली. "वाच."

मी वाचलं. नावाची पहिली तीन अक्षरं होती, पुढं कात्री. प्रेशरच्या गोळीचं नावही त्याच तीन अक्षरांनी सुरू होतं, आणि मेडिकलवाल्यानं तिच्याऐवजी ही भलतीच, शुगरची दुसरी गोळी कापून दिली होती.

"तीनच? पुढचं?"

"पुढं काहीच नाही भाऊ. कापलंय."

त्यांनी फोन काढला आणि त्याच पट्टीसमोर धरला. बाईनं प्रेशरच्या गोळीचं पूर्ण नाव वाचलं. स्पष्ट, ठाम, जरा गोड आवाजात. त्यांनी पुन्हा धरला. पुन्हा तेच. आजूबाजूचे लोक बघायला लागले तरी ते वाचून घेत राहिले.

मीराबाई वाचल्या. हाडाच्या चिवट आहेत. घरी आल्यावर भाऊंनी पहिलं काम केलं ते कट्ट्यावर प्रश्न टाकण्याचं. त्यांनी तो माझ्यासमोरच बोलून टाकला, आणि मला तो चांगला आठवतो, कारण त्यात रागाचा शब्दही नव्हता.

"जयभीम, नमस्कार मंडळी. एक साधा प्रश्न आहे. आधी ॲपला दिसलं नाही तर ते ‘अस्पष्ट’ म्हणायचं. आता म्हणत नाही. मग जिथं दिसत नाही तिथं ते काय करतं? आमच्या पट्टीवर अर्धं नाव होतं, त्यानं पूर्ण वाचलं. उरलेलं अर्धं कुठून आणलं, हे कंपनीनं सांगावं. मनानं लावत असेल तर लावू द्या, पण मनानं लावलं एवढं सांगायला काय जातं? डोळसाला विचारलं तर तो तरी म्हणतो की बाबा, दिसून नाही राह्यलं."

तासाभरात निरोप काढून टाकलेला होता. भाऊंना वाटलं, नेट गेलं असेल. त्यांनी पुन्हा टाकला. या वेळी तो काढायच्या आधी चारपाच लोकांनी ऐकला, आणि उत्तरं आली ती अशी.

"फुकट मिळतंय ते बघवत नाही का काही लोकांना?"

"बघवत नाहीच, हे तर सगळ्यांचंच आहे." यावर हसू.

"जयपूरवाल्यांना काठी पण लेखी हमीपत्रासकट पाहिजे."

भाऊ हसले. म्हणाले, "चांगलं टाकलं बे हे." त्यांना अजून वाटत होतं की ही रोजचीच थट्टा चाललीय. सहा वाजता त्यांनी तोंडी विचारलं. निनाद सरांनी त्यांचा आवाज बंद केला. दुसऱ्या दिवशी चालू केल्यावर पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी फोनवर पत्र आलं आणि ते त्याच बाईनं वाचून दाखवलं. आपण कट्ट्याचे वातावरण बिघडवत असल्याने आपणास कायमचे काढण्यात येत आहे, आपले खातेही बंद होईल. अगदी शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचलं तिनं. त्यात काही कापलेलं नव्हतं.

नंतर सहा वाजले की ते फोन मांडीवर घेऊन बसायचे. मी खाली गेलो तर म्हणायचे, "बोल बे काहीतरी." पण मला भार्गवीसारखे टोमणे यायचे नाहीत. मी ऑफिसचं सांगायचो, ते हं हं करायचे, मध्येच फोन कानाला लावून बघायचे.

त्यांच्या नंबरवरून भार्गवी उचलत नव्हती, म्हणून एकदा त्यांनी माझ्या फोनवरून तिला लावला. स्पीकर चालू होता.

"कोण ओ?"

"उंटवाला."

तिचा आवाज एकदम खाली आला. मग ती म्हणाली, "सुखदेव, मला फोन करत जाऊ नका. तुमच्याशी बोलते हे कळलं तर माझं पण खातं जाईल. पोरीचा अभ्यास मी त्याच्यावर घेते."

"अवो, पण त्यानं चुकीचं वाचलं तं? पोरीले चूक शिकवसान."

"चुकीचं का असंना, वाचतंय तर. तुमच्या आई जिवंत आहेत ना? मग झालं की."

ती फोन ठेवणार एवढ्यात भाऊ घाईनं म्हणाले, "सरायले सांगा ना माह्याबद्दल. तुमचं ऐकतात ते." फोन आधीच ठेवलेला होता. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "मले समजलं. मी टेलिफोन ऑपरेटर हाय."

आठवड्यानं सरांचा फोन आला, तोही माझ्याच नंबरवर; तो भार्गवीनं दिला असावा. सरांचा आवाज फार चांगला, रेडिओवर शोभावा असा.

"ढोके, तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही हं. पण कंपनीची माणसं कट्ट्यावर ऐकत असतात. उद्या त्यांनी सगळ्यांचंच फुकट वापरणं बंद केलं, तर शिव्या मला. तुम्ही रविवारी सहाला या, दोन वाक्यांत चूक मान्य करा. मग लोकांना विचारू. लोक म्हणाले घ्या, तर घेऊ."

"चूक कोनती मान्य करू सर?"

"ती तुम्ही बघा. पण ॲप चुकलं नव्हतं, एवढं त्यात आलं पाहिजे. मग दुसरं कोणी चुकलेलं लागेल, नाही का? पट्टी कोणी धरली होती?"

भाऊ म्हणाले, "आईनं."

"मग झालं तर."

मला ते आवडलं नाही. फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "मावशींना विचारलं पाहिजे आधी."

"तिले का समजते ते ॲपबिप? नाव घेतलं तं झिजत नाही ती." मग म्हणाले, "तुले काय जाते बे बोलायले. तुले सहा वाजता बाहेर जायले रस्ता दिसते."

रविवारी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आरशासमोर उभे राहून मला विचारलं, "बरा दिसतो?" मी हो म्हणालो. खातं बंद असल्यानं माझ्या फोनवरूनच बोलायचं होतं. सरांनी मला तेवढ्या संध्याकाळपुरता पाहुणा म्हणून आत घेतलं होतं. मीराबाई तख्तावर ताट घेऊन तांदूळ निवडत होत्या. त्यांना एवढंच माहीत होतं की लेकाचे दोस्त परत बोलणार आहेत. "चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "या लेकराले करमत नव्हतं."

भाऊंनी पाठ केलेलं बोलून टाकलं. "पट्टी माझ्या आईनं उलटी धरली होती. ॲपची त्यात काही चूक नव्हती. मी खात्री न करता प्रश्न विचारला, त्यामुळं गैरसमज पसरला. मी सगळ्यांची माफी मागतो."

मीराबाईंचा हात ताटात थांबला.

"छान," निनाद सर म्हणाले. "आई आहेत का तिथं? नमस्कार आई."

मीराबाई फोनकडं वाकल्या. पदर सारखा केला. "नमस्कार साहेब."

"ती पट्टी तुम्हीच धरली होती ना?"

"हो जी. हा फोन धरते, पट्टी मीच धरतो."

"सरळ धरली होती की उलटी?"

त्यांनी लेकाकडं पाहिलं. भाऊंचा चेहरा फोनकडं होता, भुवया वर गेलेल्या.

"मले का समजते साहेब, सरळ कोनतं न उलटं कोनतं," त्या म्हणाल्या. "मले अक्षर येत नाही."

पलीकडं कोणीतरी फसकन हसलं. मग आणखी कोणी. मग भार्गवीचा आवाज आला, तसाच, नेहमीचा, मोकळा. "बघा म्हणजे. न वाचणारीनं धरली, न बघणाऱ्यानं वाचून घेतली, आणि दोष कुणाचा तर ॲपचा." सगळा कट्टा फुटला. जुन्या दिवसांसारखं हसू, माझ्या हातात फोन थरथरेल एवढं. आणि त्यात सगळ्यांत मोठ्यानं सुखदेवभाऊ हसले. गुडघ्यावर थाप मारून हसले. आपण परत आत आलो असं त्यांना वाटलं.

"गोळी गोल होती पन," मीराबाई म्हणाल्या. "म्या सांगतलं होतं याले." ते कोणी ऐकलं नाही.

हसू ओसरल्यावर सर म्हणाले, "ढोक्यांना परत घ्यावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा." हात वर करण्याचं एक बटण असतं. ते दाबलं की नावापुढं पंजा दिसतो.

"कोनी कोनी केला?" भाऊंनी मला कुजबुजत विचारलं.

मी पडद्यावर बघत होतो. नावांची रांग, पुढं काही नाही.

"खाली सरकव. भार्गवीचं नाव खाली असन."

"खाली बघितलं भाऊ. त्यांचं नाव आहे. हात नाही."

"थांब, लोकायले बटन सापडाले वेळ लागते."

थांबलो. एक पंजा उगवला. नाशिकचे कोणी गृहस्थ. मी सांगितलं, "एक आला." भाऊ सरसावून बसले. तेवढ्यात त्या गृहस्थांचा आवाज आला, "सॉरी सर, चुकून दाबलं गेलं," आणि पंजा गेला.

"ठीक आहे," सर म्हणाले. "लोकांचं मत आपण सगळ्यांनी पाहिलं. ढोके, माफी मागितलीत हे चांगलंच केलंत. ती कंपनीकडं पाठवून देतो. शुभेच्छा." आणि आम्हाला बाहेर काढलं.

भाऊ तसेच बसून राहिले. चेहऱ्यावर मघाचं हसू थोडं उरलं होतं, त्याचं काय करावं हे त्यांना कळत नसावं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "माय, चाहा मांड वं. इन्शुरन्सलेही दे."

मीराबाई ताट घेऊन कधीच उठल्या होत्या. अनवाणी, भिंतीच्या कडेनं, बांगडी न वाजवता. त्या आता अंगणाच्या दारात उभ्या होत्या.

"माय?"

त्यांनी कान टवकारले.

"गेली का बे बाहेर?"

"नाही," मी म्हणालो. "इथंच आहेत."

"मंग बोलत काहून नाही?" त्यांनी तोंड रिकाम्या तख्ताकडं वळवलं. "आयक ना. ते असंच बोलावं लागते. खरं थोडी हाय ते? तुले मालूम, मले मालूम. अन् तिकडं कोन तुले वळखते? दुसरं काय करत होतो मी? तूच सांग."

त्यांनी हात पुढं केला. तख्तावरच्या चादरीपर्यंत पोचला नाही, तसाच राहिला.

मीराबाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि ताटात मान घातली. एक खडा वेचला. तो अंगणात टाकायला त्या पार खाली वाकल्या आणि जमिनीवर हळूच ठेवून दिला, आवाज होऊ नये असा.